गुरुवारचं दळण

पिंपरी पेंढार, ता. जुन्नर
फेब्रुवारी २००५

प्रिय इंद्रायणी,

तुला मॅडम म्हणायचं मी आजपासून सोडलं. वर्षभर म्हटलं तेवढं पुष्कळ झालं. आवाजावरून तू माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी तरी लहान असशील, आणि तू मला पहिल्या दिवसापासून वहिनी म्हणत आलीस. वहिनीनं नणंदेला मॅडम म्हणायचं असतं का कुठं? मी पिंपरी पेंढारची प्रयाग, कुंडलिक गुरुजींची बायको. नाव वाचून पत्र मिटून ठेवू नकोस, तुला माझी शपथ आहे. मी भांडायला लिहीत नाही. भांडायचं असतं तर घोडेगाव काय लांब आहे? एसटीत बसून आले असते आणि तुमच्या दारात उभी राहून भांडले असते. मला ते चांगलं जमतं, आमच्या गावात कुणालाही विचार.

तुझा पत्ता संस्थेनं दिला नाही, त्यांना बोल लावू नकोस. दिवाळीनंतर एका गुरुवारी सावळेरामच्या दुकानात फोन आला. मला वाटलं तूच. तर कुणी दुसरीच पोरगी, गोड बोलणारी. म्हणाली, इंद्रायणी मॅडम रजेवर आहेत, आता तुमच्या घरची विचारपूस मी करणार. मी म्हटलं, कसली रजा? तर गप्प. म्हटलं, लग्नबिग्न ठरलं का? तरी गप्प. त्या गप्प बसण्यावरूनच मी ओळखलं. आमच्या घरात तसलीच रजा होती, मला कळायचं राहील का! मग आठवलं, तू एकदा बोलता बोलता घोडेगाव आपलं माहेर म्हणाली होतीस. माझी मावसबहीण चिमाबाई तिथंच दिलेली आहे. तिला निरोप धाडला, पुण्याला फोनवर लोकांशी बोलायची नोकरी करणारी पोरगी माहेरी आलीय का बघ. घोडेगावात काय लपतंय! आठवड्याच्या आत उलट निरोप. पोरगी आलीय, घराबाहेर पडत नाही, फोनला हात लावत नाही, आणि आई विचारील त्याला टायफॉइड सांगते. टायफॉइड ऐकून मला हसूही आलं आणि रडूही आलं. आम्ही कावीळ सांगत होतो.

तर आता सरळच बोलते. गुरुजींनी दिवाळीच्या तोंडावर स्वतःचा जीव दिला, आणि तेव्हापासून तुझा हात फोनकडं जात नाही. तुला वाटतं हे तुझ्यामुळं झालं. मला हे कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नाही, कारण आमच्या घरात प्रत्येकाला तसंच वाटतं. सासूबाई म्हणतात, मी पोराच्या मागं लागले म्हणून. धाकटा दीर म्हणतो, मी केलं. जमिनीची वाटणी झाली तेव्हा कुणी एक वाफा दुसऱ्याला सोडला नव्हता, आणि हे पाप मात्र जो तो ओढून आपल्याच नावावर करून घ्यायला निघालाय. त्यात आता तू घोडेगावाहून हिस्सा मागायला आलीस. बाई, इथं तुझ्या वाट्याला काही शिल्लक नाही. मला मात्र तुझ्याकडं एक मागायचं आहे. ते मागेनच, पण आधी जरा या घरातलं सांगते. तुला इकडचं फक्त ऐकू आलं, दिसलं काहीच नाही.

आजार आला तेव्हा काहीच झालं नव्हतं, हे लोकांना शेवटपर्यंत पटलं नाही. गुरुजी घाटघरच्या शाळेवर. खोली तिकडंच, शनिवारी घरी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. लग्न झाल्यापासून हेच बघत आले. त्या साली जूनमध्ये शाळा उघडायच्या दिवशी पिशवी भरून तयार झाले, एका पायात चप्पल घातली आणि कॉटवर बसले. दुसरी चप्पल समोर होती. ती काही पायात जाईना. सासूबाई चुलीपुढून ओरडल्या, "कुंडलिक, यष्टी जाईल रं." गेली यष्टी. दुसरी गेली. दुपारी मी ती एक चप्पल पायातून काढली आणि त्यांना आडवं केलं. भांडण नाही, अपघात नाही, कुणाचं मरण नाही. बदलीसुद्धा नाही. मी त्यांना विचारलं, दुखतंय का कुठं? तर म्हणाले, दुखलं असतं तर बरं झालं असतं.

आपल्याकडं माणूस पडून आहे म्हटलं की लोक समाचाराला येतात. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. बिस्किटाचा पुडा घेऊन यायचे, खुर्चीत बसायचे आणि माणसाकडं वरपासून खालपर्यंत बघायचे. प्लास्टर नाही, सलाईन नाही, अंगात ताप नाही. मग पहिला प्रश्न, "पण झालं काय?" आणि उठता उठता दुसरा, "हजर कधी व्हणार?" या दोन प्रश्नांच्या मधे चहा. लोक गेले की गुरुजी भिंतीकडं तोंड करून झोपायचे. शेवटी सासूबाईंनीच एक दिवस सांगून टाकलं, कावीळ झालीय. झालं! आळेफाट्यापासून माणसं काविळीचं औषध घेऊन यायला लागली. एकानं तर कसला पाला वाटून समोर उभं राहून पाजला, आणि गुरुजींनी तो कडूजहर रस मुकाट्यानं प्यायला. नाही म्हणायचंही त्राण नव्हतं गं त्यांच्यात. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पावण्याच्या हातातली वाटी मी अंगणात फेकली आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन यांना पुण्याला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मेडिकल रजा टाकायला कागद दिला आणि मनानं खचलेल्यांशी फोनवर बोलणाऱ्या तुमच्या संस्थेचा नंबर दिला.

आमच्या मळ्यापर्यंत फोनचे खांब आले नव्हते, म्हणून सावळेरामच्या दुकानाचा नंबर दिला. गुरुवारी सकाळी तुझा फोन. पण गुरुजींना घेऊन रिकाम्या हातानं दुकानात जायचं म्हणजे लोक विचारणार कुठं निघाले. म्हणून मी डोक्यावर दळण घ्यायचे. दुकानाच्या समोरच गिरणी आहे. बाई दळणाला निघाली, सोबत नवरा, कुणाला काय वावगं वाटणार? दळण नसलं तरी मी काढायचे. आमच्या घरात त्या वर्षी एवढं पीठ झालं की सासूबाई म्हणाल्या, "प्रयाग, लगीन काढलंय का कुणाचं?" पीठ शिळं झालं की म्हशीला जायचं. म्हैस तेवढी गुरुवारवर खूश होती.

पहिल्याच गुरुवारी तू मला सांगितलंस, वहिनी, भाऊ माझ्याशी जे बोलतील ते त्यांचं. त्यांना वाटलं तर ते तुम्हाला सांगतील, मी सांगणार नाही, आणि त्यांच्याबद्दल तुम्ही मला परस्पर काही सांगायचं असेल तर त्यांना कळू द्या. मला राग आला होता. खरं सांगते, भयंकर राग आला. माझा नवरा, आणि ही कोण पुण्याची मला नियम सांगणारी? पण म्हटलं बघू. फोन त्यांच्या हातात दिला आणि मी समोर गिरणीत जाऊन बसले. गिरणीच्या घरघरीत काही ऐकूच येत नाही, त्यामुळं ऐकायचा मोह नको. सुरुवातीला तर ऐकण्यासारखं काही नव्हतंच म्हणे. सावळेराम धावत गिरणीत आला, "वहिनी, गुरुजी कायच बोलत न्हाईत. नुसता फोन कानाला. लाईन तुटली का काय, बघू का?" मी म्हटलं, तू तुझी साखर तोल. किती गुरुवार तसे गेले कुणास ठाऊक. तू तिकडं नुसती फोन धरून बसायचीस, हे इकडं. माझ्या मनात यायचं, पगार घेते आणि बोलत नाही, बरी नोकरी आहे. मला तेव्हा कळत नव्हतं की बाकी सगळी दुनिया त्यांच्याशी बोलत होती आणि त्यांना त्याचाच भार झाला होता.

मग एक दिवस घरी येताना वाटेत म्हणाले, त्या मॅडमनी विचारलं की या आठवड्यात तुम्हाला काय नको आहे. मी सांगितलं, मला कुणी गुरुजी म्हणू नये. मी जागच्या जागी उभी राहिले. अगं, मीसुद्धा त्यांना गुरुजीच म्हणत होते! त्या दिवसापासून घरात बंदी केली. सासूबाई कुंडलिक म्हणतातच. मी काय म्हणणार, 'अहो' वर भागवलं. मळ्यातल्या पोरांनाही दम दिला. तुला वाटेल एवढ्याशा गोष्टीनं काय होतं, पण त्या आठवड्यात ते पहिल्यांदा उठून ओट्यावर येऊन बसले. पुढं तू विचारलंस, काय करावंसं वाटतं, तर म्हणाले म्हशीची धार काढावीशी वाटते. शेतकऱ्याच्या घरात जन्मून या माणसानं कधी धार काढली नव्हती, लहानपणापासून हातात पुस्तक. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आता हेच ऱ्हायलं व्हतं." म्हशीनं पहिल्या दिवशी बादली उलथवली, दुसऱ्या दिवशी यांनाच. पण शिकले. माझ्यापेक्षा हलका हात होता त्यांचा. म्हैस मला लाथ मारायची, त्यांना नाही. तुला हे सगळं त्यांनी सांगितलंच असेल.

गावातल्या बायका काय कमी होत्या? नळावर एक जण मला म्हणाली, गुरुजींना म्हणं पुण्याहून एका बाईचा फोन येतो. मी म्हटलं, येतो की, दर गुरुवारी येतो, मीच घेऊन जाते. तुझ्या नवऱ्याला येत नाही म्हणून वाईट वाटतंय का? पुन्हा कुणी विषय काढला नाही. पण आतून मलाही टोचायचं. घरी चार शब्द बोलणारा माणूस तिथं दुकानात फोनला चिकटून बोलतोय, मान हलवतोय, हातवारे करतोय, आणि मी समोर पीठ अंगावर घेत बसलेय. बायकोचं मन आहे, दगड नाही. तरी मी गिरणीतून उठून कधी जवळ गेले नाही, याचं मला आजही बरं वाटतं. त्यांची तेवढीच एक जागा होती जिथं त्यांच्याबद्दल दुसरं कुणी ठरवत नव्हतं.

पुन्हा शाळेवर जायचं तुम्ही दोघांनी मिळून कसं ठरवलं होतं, ते त्यांनी मला ओट्यावर बसून सांगितलं. गणपती झाले की जायचं. वर्गावर नाही, नुसतं ऑफिसात बसायचं, हजेरीची कामं करायची. आठवड्यातून दोन दिवस, खोलीवर न राहता जाऊन-येऊन. नाही जमलं तर त्याच दिवशी परत फिरायचं, आणि परत फिरलं म्हणजे हरलं असं नाही. तिकडच्या मोठ्या गुरुजींशी बोलून झालं होतं, तेही भला माणूस, हो म्हणाले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाजावाजा नको. जणू रोजचंच आहे असं सकाळच्या गाडीत बसायचं. हे सांगताना त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. मी मनात म्हटलं, ही पोरगी भेटली की तिची दृष्ट काढायची.

पण आईपासून लपवतात का कुणी अशी बातमी? त्यांनीच आदल्या संध्याकाळी आईच्या पाया पडून सांगितलं. सासूबाईंना आनंद मावेना. त्या माउलीनं वर्षभर देवाला काय काय बोलून ठेवलं होतं. त्यांनी दादाभाऊला सांगितलं. दादाभाऊ म्हणजे माझा धाकटा दीर, नारायणगावच्या मार्केटला गाळ्यावर असतो. अण्णावर, म्हणजे यांच्यावर, फार जीव. वर्षभर भावाशी काय बोलावं हे त्याला कळलं नव्हतं, म्हणून त्यानं आपल्याला जे येतं ते केलं. हल्ली नवी टूम निघालीय, वाढदिवस असो नाहीतर सोसायटीची निवडणूक, लगेच फ्लेक्सचा बोर्ड. एका रात्रीत छापून मिळतो.

सकाळी आम्ही दोघं मळ्यातून स्टँडवर गेलो, तर समोर दोन बांबूंवर हे एवढं मोठं गुरुजींचं तोंड. आयकार्डावरचा फोटो मोठा केलेला. खाली गुलाबाची फुलं, उडती कबुतरं, आणि ठळक अक्षरात, 'आदर्श शिक्षक कुंडलिक गुरुजी प्रदीर्घ आजारातून पूर्ण बरे होऊन पुन्हा सेवेत रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक', आणि मग गॉगल घातलेल्या पोरांचे रांगेनं फोटो. दादाभाऊ हार घेऊन उभा. दोन हलग्या वाजायला लागल्या. सरपंचांनी शाल-नारळ दिला. पोरं ओरडली, गुरुजींचा विजय असो. मी दादाभाऊला बाजूला घेऊन म्हटलं, उतरव ते आधी. तर त्याचा चेहरा एवढासा झाला, "वयनी, चांगलं केलं तरी तुमचं उलटंच." आणि इंद्रायणी, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं गं. गुरुजी हार गळ्यात घालून बोर्डासमोर उभे राहिले, सगळा बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला, आणि लोकांना नमस्कार केला. तोंड हसतं ठेवलं होतं. गाडी येईपर्यंत ते तोंड त्यांनी तसंच ठेवलं.

त्या दिवसापासून त्यांचा आजार गेला. म्हणजे गावातून गेला. 'पूर्ण बरे' असं स्टँडवर लिहिलेलं होतं, येणारा-जाणारा वाचत होता, मग आता त्या माणसानं बरं नसायचं कुठं? परत फिरायची जी सोय तुम्ही ठेवली होती ती बंद झाली. हार घालून पाठवलेला माणूस दुपारच्या गाडीनं परत कसा येईल? ते दोनऐवजी सगळे दिवस जायला लागले. लोक पुन्हा गुरुजी म्हणू लागले. कुणी विचारलं, आता बरं ना, तर म्हणायचे, एकदम. गोळ्याही बंद केल्या, हे मला नंतर कळलं. मी विचारायचे तर मलाही म्हणायचे, अगं, बरा आहे मी.

आणि तुलाही तेच म्हणाले. दसऱ्याच्या आधीचा तो गुरुवार. त्या दिवशी मुद्दाम घरी राहिले होते. दुकानातून लवकर बाहेर आले, मी तर दळण टाकलंही नव्हतं. म्हणाले, मॅडमला सांगितलं आता फोन नको, मी बरा झालोय, ज्यांना गरज आहे त्यांना करा. मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? म्हणाले, त्यांनी दोनदा विचारलं नक्की का म्हणून. मग म्हणाल्या, तुमची इच्छा, पण नंबर तोच आहे, केव्हाही करा. हाच ना तुझ्या गळ्यातला फास, की त्यांनी सांगितलं आणि तू ऐकलंस? मी यावर खूप विचार केला आहे, दुसरं काम काय आहे मला. आमच्या घरात त्यांच्या भल्यासाठी त्यांचं कुणीच ऐकलं नाही. आईनं ऐकलं नाही, भावानं नाही, पाला पाजणाऱ्यानं नाही. त्यांचं म्हणणं खरं मानणारी तू एकटी होतीस. त्याच मानण्यावर तो माणूस वर्षभर उभा राहिला. शेवटी ते तुझ्याशीही खोटं बोलले, ते काही तुझ्या नियमामुळं नाही. त्या बोर्डाला खोटं पाडायची त्यांची हिंमत झाली नाही. आजारी माणूस होता गं तो, आणि आपण सगळ्यांनी त्याला बरा म्हटलं.

त्या सकाळचं मी लिहिणार नाही. लिहवत नाही. नेहमीसारखी धार काढून बादली ओट्यावर ठेवली होती, एवढंच सांगते. पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौथ्या दिवशी स्टँडवर दुसरा बोर्ड लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो तोच. छापणाऱ्याच्या कॉम्प्युटरात होताच ना! पोरांचेही फोटो तेच, त्याच रांगेत, गॉगलसकट, फक्त 'शुभेच्छुक'च्या जागी 'शोकाकुल'. कुणी वाईट मनानं केलं नव्हतं. दादाभाऊ स्टँडवर गेला, बोर्डाकडं बघितलं आणि रस्त्यात मटकन खाली बसला. तेव्हापासून तो मार्केटला जात नाही. घरात बसून असतो, दाढी वाढलीय. त्याची बायको लोकांना सांगते, पाठ धरलीय. आता सांग, यात कुणाचं पाप कुणाच्या पदरात घालू? मी रोज त्याच्याकडं जाते. काही बोलत नाही, नुसती जाऊन बसते. तू फोन धरून बसायचीस ना, तशीच. सुरुवातीला वाटायचं उगाच बसतेय. परवा तो म्हणाला, वयनी, उद्या येशील ना?

मी कशी आहे विचारशील तर मी चांगली नाही. सगळ्यांना तसंच सांगते, सरळ. गावात कुणी विचारलं की सावरलीस ना, मी म्हणते नाही, बया, अजिबात नाही. लोक गोंधळतात. गोंधळू देत. कधी कधी रागानं एवढी पेटते की त्यांच्या कपड्यांची घडी विस्कटून टाकते, आणि पुन्हा घालते. गुरुवारी अजून दळण घेऊन जाते. सवय. तुझ्या त्या दुसऱ्या पोरीशी दोनदा बोलले, चांगली आहे, पण तिला मी काय सांगू? तिनं त्यांना ऐकलेलं नाही. तू ऐकलंयस. या जगात त्या एका वर्षातला माझा नवरा फक्त तुझ्याकडं आहे. तो मला मिळालाच नाही.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. आमची आरोही आता पहिलीत आहे. वडील आजारी पडले तेव्हा ती एवढीशी होती, तिला त्याच्या आधीचं काही आठवत नाही. तिच्या डोक्यात तो बोर्डावरचा फोटो बसलाय, ताठ मानेचा, ओठ मिटलेला. परवा जेवता जेवता म्हणाली, आई, पप्पा कधी हसायचेच नाहीत ना? मी म्हटलं, हसायचे की! तर म्हणाली, कशावर? आणि इंद्रायणी, मला सांगता येईना. लग्नानंतरचं एक-दोन आठवलं, पण ते लेकराला सांगण्यासारखं नव्हतं. मग आठवलं, माघात, थंडीचे दिवस होते, मी गिरणीत बसले होते, आणि समोर दुकानात फोन कानाला लावून ते हसत होते. साधं नाही, पोट धरून, भिंतीला टेकून. सावळेराम साखर तोलायची थांबवून बघत राहिला होता. गिरणीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, नुसतं दिसलं. घरी येताना मी विचारलंही नाही, म्हटलं त्यांचं ते त्यांचं. तुझा नियम मला पाठ आहे. जे बोलले ते त्यांचं. ते रडले असतील, मला नावं ठेवली असतील, काय काय सांगितलं असेल, त्यातलं काही मला नको, ते तुझ्यापाशीच ठेव. मला फक्त एवढंच सांग की त्या दिवशी ते कशावर हसले. दोन ओळी लिही, नाहीतर दुकानाच्या नंबरवर फोन कर. लेकरू वाट बघतंय, मी तिला सांगितलंय की पुण्याच्या एका आत्याला माहीत आहे. बरी झालीस की सांग, असं मी म्हणणार नाही. बरी नसलीस तरी सांग.

तुझीच,
प्रयागवहिनी